‘तुम्ही काय करता?’ : क्वीअर आणि अपंग खेळाडूंना सोबत घेऊन रोलप्लेइंगचं टेबल मांडताना

भातुकलीत मी नेहमी बाबा व्हायचे. शेजारच्या मुली आई, आजी, मावशी वाटून घ्यायच्या आणि बाबा कुणालाच नको असायचा, कारण त्याला नुसतं ऑफिसला जायचं असायचं. मला तो हवा असायचा. संध्याकाळी घरी येऊन, टोपी खुंटीला लावून, “काय केलंस गं आज जेवायला?” असं आईला विचारायला मिळायचं. ते वाक्य मला फार आवडायचं. का आवडायचं, ते कळायला पुढे पंधरा वर्षं गेली. आज माझी जोडीदार बाई आहे, माझ्या उजव्या कानात श्रवणयंत्र आहे, आणि महिन्यातले दोन रविवार आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती पाचसहा जण फासे घेऊन बसलेले असतात.

टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे मोठ्यांची भातुकलीच, फक्त नियम आणि फासे लावलेली. एक जण गोष्टीतलं जग चालवतो, त्याला गेममास्टर किंवा डीएम म्हणतात. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात. डीएम सांगतो, “पूल अर्धा तुटलाय, खाली पाणी जोरात वाहतंय, पलीकडे कुणीतरी कंदील हलवतंय. तुम्ही काय करता?” मग तुम्ही सांगता. जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे फासा टाकायचा. बाकी सगळं बोलण्यातून घडतं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला पहिला गाजलेला खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. १९७८ च्या त्याच्या नियमपुस्तकात बाई कॅरेक्टरची जास्तीत जास्त ताकद पुरुषापेक्षा कमी ठरवलेली होती. ड्रॅगन आग ओकू शकत होता, पण बाईने पुरुषाइतकं वजन उचललेलं चालत नव्हतं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम गेला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर सरळ लिहिलं आहे की कॅरेक्टरने स्त्री किंवा पुरुष या दोनच खणांत बसायची गरज नाही. हे सुरुवातीलाच सांगते आहे, कारण नवीन माणूस नियमपुस्तकाला पोथी समजतो. नियम माणसांनी लिहिले आणि माणसांनीच बदलले. तुमच्या टेबलावर ते तुम्हीही बदलू शकता.

हा लेख पहिल्यांदा टेबल मांडणाऱ्यांसाठी आहे, त्या टेबलावर क्वीअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स किंवा स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणारे) आणि अपंग खेळाडूही रमावेत म्हणून. “आमच्या ग्रुपमध्ये तसं कुणी नाही” असं वाटत असेल तर जास्तच वाचा. कोण आहे आणि कोण नाही, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नसेल.

पायरी १ : खेळ निवडा, तो हाताला आणि डोक्याला झेपेल असा

बहुतेक जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून सुरुवात करतात. चालेल. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. श्रेय देऊन त्यांचा मराठी अनुवाद करायलाही मुभा आहे. पण ती चारेकशे पानं आहेत, सात फाशांचा संच आहे, आणि प्रत्येक वेळी आकड्यांची बेरीज आहे. ज्याला अक्षरं किंवा आकडे उलटसुलट दिसतात, जो लवकर थकतो, ज्याला स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या ॲपवर) वाचावं लागतं, त्याच्यासाठी हा पहिल्याच दिवशी मोठा डोंगर होतो.

दोन साधे सहा बाजूंचे फासे लागणारे खेळ पुष्कळ आहेत. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० मधल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने एक सोपी पद्धत आणली. दोन फासे टाका, कॅरेक्टरचा एक छोटा आकडा मिळवा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सात ते नऊ आले तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा कमी आले तर डीएम अडचण आणतो. एवढंच. एप्रिल किट वॉल्श यांचा ‘थर्स्टी सोर्ड लेस्बियन्स’ याच घराण्यातला आहे. तलवारबाजी, रुसवेफुगवे आणि बायकांचं बायकांवरचं प्रेम, असा सगळा मामला. त्याला गेम लेखनाचं नेब्युला पारितोषिक मिळालं आहे.

फासे घरातल्या ल्यूडोच्या डब्यातले चालतात. एक गोष्ट करून बघा. डोळे मिटा आणि अंगठ्याने फाशाचे ठिपके चाचपा. ठिपके खोदलेले असतील तर आकडा बोटाला कळतो, म्हणजे न दिसणाऱ्या खेळाडूला वेगळं काही आणावं लागत नाही. वीस बाजूंच्या फाशावरचे बारीक आकडे असे चाचपून वाचणं फार अवघड जातं. त्यासाठी ब्रेलचे फासे मिळतात आणि थ्रीडी प्रिंटरवर काढताही येतात.

फासेच नको असतील तर एव्हरी ऑल्डर यांचा ‘ड्रीम अस्क्यू’ बघा. जग कोसळल्यानंतर एका क्वीअर वस्तीत राहणाऱ्या माणसांची गोष्ट. डीएम नाही, फासे नाहीत, सगळे मिळून जग चालवतात. टोकन लागतात, त्यासाठी आम्ही कवड्या वापरतो.

पायरी २ : खोलीची तयारी

नियम वाचण्याआधी हे करा. मी पहिल्यांदा खेळायला गेले ते कॉलेजच्या वयात, एका ओळखीच्या घरी. वीस बाजूंचा फासा उघड्या सनमायकावर पडला की श्रवणयंत्रात तो पत्र्यावर दगड पडल्यासारखा वाजतो. नेमकं त्याच क्षणी कुणीतरी आकडा सांगतं, दुसरा त्यावर ओरडतो, वर पंखा पाचवर. तीन तास मी हसऱ्या चेहऱ्याने बसले होते आणि गोष्टीतलं निम्मं मला कळलं नव्हतं. माझं कॅरेक्टर एका माणसाशी भांडत राहिलं, आणि तो माणूस अर्ध्या तासापूर्वी मेला होता.

आता आमच्याकडे पोळ्यांच्या जुन्या डब्याच्या झाकणात फ्लॅनेलचा तुकडा चिकटवलेला आहे. फासा त्यातच टाकायचा. धप् असा मऊ आवाज येतो. हात थरथरणाऱ्यालाही फासा टेबलाखाली शोधत बसावं लागत नाही. खर्च शून्य रुपये.

पंखा दोनवर. उजेड चेहऱ्यांवर पडेल अशा खुर्च्या, कारण ओठ वाचणाऱ्याला खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूस नुसता काळा आकार दिसतो. बोलताना चकलीचा घास तोंडात नको, हात ओठांसमोर नको. आणि एका वेळी एकच जण. आम्ही एक मोठी सोंगटी ठेवली आहे; ज्याच्या हातात सोंगटी, तो बोलणार. पहिली दहा मिनिटं शाळेत बसल्यासारखं वाटतं, नंतर लाजरी माणसंही बोलायला लागतात. फोनवर बोलणं अक्षरांत उतरवणारं ॲप लावता येतं, ते मराठीतही चालतं, पण सगळे एकदम बोलले की त्याचाही गोंधळ उडतो. म्हणून आधी सोंगटी, मग ॲप.

घराचा पत्ता पाठवताना घराचं खरं वर्णन पाठवा. “लिफ्ट आहे” एवढं पुरत नाही. लिफ्टपर्यंत पोचायच्या आधी चार पायऱ्या असतात, त्या सांगा. कठडा कोणत्या बाजूला आहे ते सांगा. संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, हेही लिहा. दार किती रुंद आहे ते टेप लावून मोजा आणि आकडा पाठवा. हे सगळ्यांना पाठवा, फक्त व्हीलचेअर वापरणाऱ्याला नको. कुणाचा गुडघा दुखतो आणि कोण ते बोलत नाही, हे तुम्हाला माहीत नसतं.

जागा जमतच नसेल तर व्हॉट्सॲपवर लिहून खेळा. दिवसभरात जमेल तसं एकेक उत्तर. ऐकू न येणाऱ्याला, थकव्याचा आजार असणाऱ्याला, आणि घरच्यांसमोर मोठ्याने “माझं कॅरेक्टर त्या राजकन्येच्या प्रेमात पडलंय” असं म्हणू न शकणाऱ्या मुलीला, तिघांनाही हे सोयीचं पडतं. नकाशाचा फोटो टाकलात तर खाली दोन ओळींत लिहा की त्यात काय आहे.

पायरी ३ : सेशन झिरो, आणि प्रश्न सगळ्यांना

खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला सेशन झिरो म्हणतात. नवीन लोक ती टाळतात. टाळू नका, त्या दिवशी चहा-पोहे ठेवा आणि तासभर बसा.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा : काळजीचा प्रश्न एकाला विचारू नका, सगळ्यांना विचारा. “तुला पायऱ्या चढायला जमेल ना गं?” असं पाच जणांत विचारलं की ती मुलगी खेळाडू राहत नाही, पेशंट होते. “तू मुलगा म्हणून खेळणार की मुलगी म्हणून?” असं एकालाच विचारलं की बाकीचे मान वळवून त्याच्याकडे बघतात. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. त्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, पार्किन्सन्स हेही येतात. यातलं बरंचसं नजरेला दिसत नाही. समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर गुन्हा राहिले नाहीत, पण त्याने कुणाच्या घरातली भीती रातोरात गेली नाही. म्हणून कुणालाही स्वतःबद्दल जाहीर करायला न लावता गरज सांगता आली पाहिजे.

आम्ही कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. सगळ्यांना त्याच चिठ्ठ्या, तेच पेन. चार प्रश्न. खेळताना तुम्हाला काय लागेल, म्हणजे मोठी अक्षरं, मधेमधे ब्रेक, ठरावीक खुर्ची, औषधाची वेळ? तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, आणि तुमच्या कॅरेक्टरला काय म्हणून? गोष्टीत काय अजिबात नको? काय असलं तरी चालेल, पण तपशिलात नको? चिठ्ठी डीएमला द्यायची. डीएमने ती मोठ्याने वाचायची नाही. नावं न घेता एवढंच सांगायचं, “आपल्या गोष्टीत हे हे नसेल.”

शेवटच्या दोन प्रश्नांना इंग्रजीत रेषा आणि पडदे अशा अर्थाचे शब्द आहेत. रॉन एडवर्ड्स या गेम लेखकाने ते रूढ केले. रेषेपलीकडचं गोष्टीत येतच नाही. पडद्यामागचं घडतं, पण कॅमेरा तिथून हटतो. आमच्या एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, कुटुंबाने घरातून हाकललेला मुलगा ही रेषा होती. कुणी लिहिली ते मला आजही उघड करायचं नाही. पण ती लिहिली गेली नसती तर मी दुसऱ्याच सेशनला तोच प्रसंग आणणार होते, माझ्या वहीत तो तयार होता.

टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड ठेवा. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी मांडलेली ही साधी युक्ती आहे. कागदावर मोठी फुली. कुणालाही प्रसंग सहन होत नसेल तर त्याने कार्डाला हात लावायचा, आणि डीएमने तिथल्या तिथे प्रसंग बदलायचा. का, असं विचारायचं नाही. पहिल्या दिवशी डीएमने स्वतः एकदा कार्ड वापरून दाखवावं, एखाद्या छोट्या गोष्टीसाठी का होईना. त्याशिवाय नवीन माणसाचा हात पुढे येत नाही.

पायरी ४ : मराठीत खेळताना क्रियापदाकडे लक्ष

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सर्वनामांवर एखादा परिच्छेद असतो. मराठीला तेवढं पुरत नाही. इंग्रजीत ‘मी’ म्हणताना लिंग लपून राहतं. मराठीत ‘मी जातो’ की ‘मी जाते’, हे पहिल्याच वाक्याला सांगावं लागतं. डीएमने “तू काय करतेस?” म्हटलं की समोरच्या कॅरेक्टरचं लिंग त्याने ठरवून टाकलेलं असतं.

पण आपल्याच भाषेत वाटाही आहेत. लेखाच्या शीर्षकातला प्रश्न बघा. “तुम्ही काय करता?” यात लिंग नाही. “तुम्ही आलात”, “तुम्ही काय पाहिलंत”, यातही नाही. मित्रांत ‘तुम्ही’ परकं वाटत असेल तर भविष्यकाळ घ्या : “तू काय करशील?” उत्तरही तसंच : “मी दाराआड लपेन.” भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्मामागे जातं, तेही कामाला येतं. “मी तलवार उचलली”, “मी दार उघडलं” हे कुणीही म्हणावं, त्यात बोलणाऱ्याचं लिंग येत नाही. बोलणं, विसरणं, शिकणं अशी काही क्रियापदं मात्र फसवतात. ‘मी विसरलो’ आणि ‘मी विसरले’ वेगळे पडतात. ‘आम्ही निघालो’ सगळ्यांचं एकच. तिसऱ्या माणसाबद्दल सांगताना ‘त्याने’, ‘तिने’ऐवजी नावच घ्या : “मल्हारने कंदील विझवला.” हाक मारताना ‘अरे’ आणि ‘अगं’ सवयीने तोंडातून जातात, तिथेही नाव घेतलेलं बरं.

‘ते आलं’ हे नपुंसकलिंगी रूप स्वतःहून कुणाला लावू नका. लहान मुलासाठी ते गोड आहे, मोठ्या माणसाला ते लागतं. एखादा खेळाडू स्वतः म्हणाला की माझ्या कॅरेक्टरला ‘ते’ म्हणा, तर आदरार्थी ‘ते आले’ हवंय की नपुंसकलिंगी ‘ते आलं’, एवढं विचारून घ्या आणि मग तसंच म्हणा. काहींना वाक्यागणिक बदललेलंही आवडतं.

क्रियापद एवढं ताठ नसतं, हे मला लहानपणीच कळलं होतं. कोल्हापूरची माझी मावशी दारातून आवाज द्यायची, “थांब, मी आलो!” तिकडच्या बायका सर्रास तसं बोलतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आमच्या टेबलावर एक जण तीन सेशन गप्प गप्प खेळत होता. कॅरेक्टर होतं एका चोर बाईचं, पण तो तिच्याबद्दल बाहेरून सांगायचा : “ती भिंतीवर चढते, ती आत बघते.” चौथ्या सेशनला पहारेकरी जवळ आले, सगळ्यांची धांदल उडाली, आणि त्या गडबडीत आवाज आला, “मी निघाले!” खोलीत कुणी काही बोललं नाही. मी एवढंच विचारलं, “कुठल्या वाटेने?” आणि गोष्ट पुढे गेली. त्यानंतर काही महिन्यांनी खेळाबाहेरही तेच क्रियापद आलं. तेव्हाही आम्ही चहा ओतला आणि हाक बदलली. अशा वेळी टाळ्या वाजवू नका, भाषण करू नका. आणि उलटंही लक्षात ठेवा : बाईचं कॅरेक्टर घेणारा प्रत्येक पुरुष काहीतरी सांगतोच आहे, असंही नाही. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेला आपला प्रेक्षक आहे. पुरुषाने स्त्रीपार्ट करणं आपल्याला नवं नाही. फक्त तमाशातल्या नाच्याची नक्कल करून बायकी पुरुषावर हशा मिळवायचा मोह टेबलावर फार लवकर येतो. तो पहिल्याच वेळी थांबवा. त्या हशात कुणीतरी हसत नसतं.

पायरी ५ : अपंग कॅरेक्टर बनवताना

त्या पहिल्या ग्रुपमध्ये मी कमी ऐकू येणारी धनुर्धर मागितली होती. डीएमने लगेच नियम काढला : परसेप्शनच्या, म्हणजे आजूबाजूचं टिपण्याच्या, प्रत्येक रोलला डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि कमी आकडा धरायचा. पाऊलखुणा बघायच्या असोत की धुराचा वास घ्यायचा असो, सगळीकडे. त्याला वाटलं, हे वास्तवाला धरून आहे. पण कान अधू असलेली माणसं डोळ्यांनी फार बघतात. कुणाचे खांदे कधी आखडले, दार कुणी हलकेच लोटलं, हे मला आधी दिसतं. कॅरेक्टरच्या अपंगत्वाला आपोआप उणे गुण लावू नका. खेळाडूला विचारा, “हिची कामं ही कशी करते?” उत्तरात तिचं अख्खं आयुष्य येतं : साधनं, सवयी, कुणाची मदत घेते आणि कुणाची मुद्दाम घेत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये सारा थॉम्पसन यांनी ‘कॉम्बॅट व्हीलचेअर’ हे मोफत पुरवणी-नियम प्रसिद्ध केले. साहसी कॅरेक्टरसाठी लढाईत टिकणारी, सुधारणा करत नेता येणारी चाकांची खुर्ची. त्यावर गदारोळ झाला : जादूच्या जगात व्हीलचेअर कशाला, मंत्राने पाय बरे करा की. हा प्रश्न तुमच्या टेबलावरही येईल, म्हणून त्याचं उत्तर तयार ठेवा.

उत्तर नियमांतूनच काढता येतं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधला ‘लेसर रिस्टोरेशन’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र, तिसऱ्या लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे पुजारी कॅरेक्टर, तो टाकू शकतो, आणि त्याने आंधळेपणा, बहिरेपणा जातो. पण तो घालवतो ती ओढवलेली अवस्था : विष, डोळ्यांत गेलेली राख. आमच्या टेबलावरचा नियम असा की मंत्र शरीराला त्याच्या स्वतःच्या रूपात परत आणतो. जो जन्मापासून बहिरा आहे, किंवा ज्याने आपलं शरीर आपलं म्हणून स्वीकारलं आहे, त्याचं ते रूपच पूर्ण आहे. मंत्राला तिथे दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नाही.

बरं करण्याने काय जातं, हे कॉमिक्सच्या वाचकांनी सोसलं आहे. बॅटमॅनच्या कॉमिक्समध्ये बॅटगर्ल असलेल्या बार्बरा गॉर्डनला १९८८ च्या एका कथेत जोकर गोळी घालतो, आणि तिथे ती नुसती दुसऱ्यांच्या दुःखाचं कारण होऊन उरते. पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिला ओरॅकल म्हणून परत आणलं. व्हीलचेअरवर बसून, संगणकांसमोर, माहितीच्या जोरावर ती इतर नायकांना वाट दाखवू लागली. वीसेक वर्षं ती तशी होती. २०११ मध्ये डीसी या प्रकाशकांनी आपलं जग नव्याने मांडलं आणि तिला पुन्हा पायांवर उभं करून बॅटगर्ल केलं. बॅटगर्ल व्हायला दुसऱ्या मुली होत्या. ओरॅकल एकच होती. कित्येक अपंग वाचकांसाठी त्या दिवशी आपली एकमेव नायिका गेली.

म्हणून खेळाडूने मागितल्याशिवाय त्याच्या कॅरेक्टरला बरं करू नका. बक्षीस म्हणून तर नाहीच. आणि ज्याला खेळात चार तास न दुखणाऱ्या पायांनी धावायचं असेल, त्यालाही धावू द्या. अपंग खेळाडूने अपंग कॅरेक्टरच घ्यावं, ही अपेक्षाही तेवढीच जाचक आहे.

पायरी ६ : जग मांडताना

दाराशी सुरुवात करा. भुयारात उतार आहे का? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२१ मधल्या ‘कॅन्डलकीप मिस्टरीज’ या पुस्तकातल्या एका साहसकथेत लेखिका जेनिफर क्रेचमर यांनी चाकांच्या खुर्चीला जाता येईल असंच भुयार मांडलं. गोष्टीत त्याने काही अडलं नाही. उतारावरून राक्षसही येतात, पिंपंही गडगडत येतात, लढाई जास्त रंगते. मला विचाराल तर जिन्यापेक्षा उतारावरची लढाई कधीही बरी.

मग खलनायक बघा. एक डोळा, लंगडा पाय, भाजलेला चेहरा, बायकी आवाज : दुष्टपणा दाखवायला हेच सगळं वापरायची सवय आपल्याला सिनेमाने लावली आहे. यादी करा आणि खुणा काढून टाका. एखादा लंगडा खलनायक ठेवायचाच असेल तर त्याच गावात लंगडी वैद्यीण, लंगडा ढोलकीवाला आणि लंगडी भांडकुदळ शेजारीण असू द्या. ‘वेडा’ हे कारण देऊन कुणाला खून करायला लावू नका. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’पासून भीतीच्या खेळांत मनाचं स्वास्थ्य गुणांत मोजायची रीत आहे, एकदम बरेच गुण गेले की कॅरेक्टरला एखादा मानसिक आजार चिकटू शकतो. तो खेळ मला आवडतो, पण आम्ही आजारांची यादी बाजूला ठेवतो आणि भीतीने शरीराला काय होतं तेवढंच खेळतो : हात कापतो, झोप उडते, कंदील विझवायला मन धजत नाही.

प्रेमाच्या बाबतीत एक सोपं काम. खाणावळीचा मालक आणि त्याचा नवरा रश्श्यात मीठ किती यावरून भांडत असू द्या. त्यावर कुणी चकित होत नाही, डीएमही थांबून बघत नाही. त्यांना पुढच्या सेशनला मारून टाकू नका. गोष्टीतल्या समलिंगी जोडप्यातलं एक कुणीतरी मरणार, हे वाचून-पाहून आम्ही दमलो आहोत. त्या जगात क्वीअर माणसांचा द्वेष असावा का, हे सेशन झिरोच्या चिठ्ठ्यांवरून ठरवा. काहींना त्याच्याशी लढायचं असतं, काहींना रविवारचे चार तास त्याच्याविना हवे असतात.

पायरी ७ : खेळताना आणि उठताना

दर पाऊण तासाला दहा मिनिटं ब्रेक, गोष्ट कितीही रंगली तरी. घड्याळ लावा. इन्सुलिन, पाठ, मूत्राशय यांना गोष्टीचा रंग कळत नाही. थकलेला खेळाडू गादीवर आडवा होऊन खेळला तर खेळू द्या. कुणी नजर न मिळवता विणत बसलं असेल तर त्याचं लक्ष नाही असं समजू नका.

चूक होईल. तोंडातून चुकीचं क्रियापद जाईल, ‘आंधळा कारभार’ असा शब्द जाईल. “चुकलं, ‘आला’ नाही, ‘आली’”, एवढं म्हणा आणि पुढचं वाक्य घ्या. लांबलचक माफी मागितली की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. शब्दांबद्दलही तसंच. मी स्वतःला अपंग म्हणते, सरकारी कागदावर दिव्यांग असतं, काहींना तो शब्द आवडतो, काहींना दोन्ही नको असतात. ज्याला जो शब्द हवा, तो वापरा.

शेवटी पंधरा मिनिटं राखून ठेवा. फिरत्या सोंगटीवर प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या : आज काय आवडलं, आणि पुढच्या वेळी काय हवंय. डीएमने लिहून घ्यायचं, वाद घालायचा नाही.

आणि पुढची तारीख कुणी उठायच्या आत ठरवा. ग्रुपवर “बघू या, कळवतो” झालं की ज्याला आधी रजा, मदतनीस किंवा ओळखीचा रिक्षावाला ठरवावा लागतो, तो पहिला गळतो. तारीख, वेळ, खाली उतरायला कोण सोबत येणार, सगळं टेबलावरच. मग फासे डब्यात, कवड्या पिशवीत, आणि चार पायऱ्यांवरचा दिवा लावायला एक जण पुढे.